आरोग्यविद्येचे दार सर्वांसाठी : कल्याणच्या आनंदीबाईंपासून जामखेडच्या आरोग्यसेविकांपर्यंत

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



कोणत्याही संस्थेचा सुवर्णमहोत्सव हा जसा कृतज्ञतेचा प्रसंग असतो, तसाच तो हिशेबाचाही असतो. पन्नास वर्षांत किती शिबिरे झाली, किती शिष्यवृत्त्या दिल्या, किती रुग्णांना औषध मिळाले, याचे आकडे अहवालात सापडतात. जे आलेच नाहीत त्यांचा आकडा मात्र कोणत्याही अहवालात नसतो. दार उघडे होते, तरी जो आत पाऊल टाकू शकला नाही, त्याची नोंद कोण करणार? आजच्या भाषणाचा विषय हा दाराबाहेर राहिलेला माणूस आणि त्याला आत घेण्याची जबाबदारी स्वीकारणारे नेतृत्व हा आहे. त्यासाठी आरोग्याचे शिक्षण देणाऱ्या संस्थांचा दाखला घेतला आहे. याचे कारण असे की आरोग्यविद्या ज्यांच्या हाती असते, औषध कोणाच्या दारापर्यंत पोहोचेल हे बऱ्याच अंशी तेच ठरवत असतात.

जैन परंपरेत आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान असे दानाचे चार प्रकार सांगितले आहेत. आरोग्याचे शिक्षण देणारी संस्था पाहिली तर तेथे औषधदान आणि ज्ञानदान एकत्र आलेले दिसते. म्हणून हा विषय या व्यासपीठाला परका नाही.

समता आणि समन्याय

प्रथम दोन शब्दांतील भेद स्पष्ट केला पाहिजे. सर्वांना सारखेच देणे ही समता झाली. ज्याची जशी गरज व जशी अडचण, तसे त्याला देणे हा समन्याय होय. सकाळी नऊ ते बारा या वेळेत सर्वांसाठी विनामूल्य तपासणी ठेवली, तर कागदावर समता साधली. परंतु भिवंडीच्या यंत्रमागावर दिवसपाळी करणारा कामगार, डोंबिवलीत सकाळी चार घरची धुणीभांडी करणारी बाई किंवा मुरबाडहून पहिली एस.टी. पकडून येणारा शेतमजूर त्या वेळेत येऊ शकत नाही. त्याने दिवसाची मजुरी बुडवायची, तेव्हा कोठे त्याला ती ‘विनामूल्य’ तपासणी मिळायची. तेच शिबिर रविवारी दुपारी ठेवले, तर खर्च एक पैशानेही वाढत नाही. मात्र येणारा माणूस बदलतो. समन्याय म्हणतात तो हाच. तो बहुधा मोठ्या घोषणेत सापडत नाही, वेळापत्रकासारख्या लहान गोष्टीत सापडतो.

अमेरिकेतील सार्वजनिक आरोग्याच्या महाविद्यालयांनी गेल्या काही दशकांत या कामासाठी स्वतंत्र अधिष्ठातापदे निर्माण केली. वंचित समाजांतील विद्यार्थी यावेत, टिकावेत आणि अध्यापकवर्गात त्यांना स्थान मिळावे, हे पाहणे हे त्या पदांचे काम होते. जानेवारी २०२५ मध्ये तेथील केंद्र सरकारने अशा कार्यक्रमांविरुद्ध आदेश काढले आणि त्यानंतर अनेक विद्यापीठांनी ही कार्यालये बंद केली किंवा त्यांची नावे बदलली. त्या वादाची बाजू घेण्याचे हे स्थान नव्हे. परंतु त्यातून एक प्रश्न निर्माण होतो. एखादे काम केवळ पदावर उभे असेल, तर पद जाताच ते काम जाते. मग ते कशावर उभे करावे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. कल्याणपासूनच आरंभ करता येतो.

कल्याणची कन्या आणि फिलाडेल्फियाच्या अधिष्ठाता

कल्याणच्या जोशी कुटुंबात ३१ मार्च १८६५ रोजी यमुना जन्मली. वयाच्या नवव्या वर्षी तिचा विवाह टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाला आणि ती आनंदी झाली. चौदाव्या वर्षी तिला मूल झाले, ते दहा दिवसांत गेले. आपल्या देशात स्त्रियांना स्त्री-डॉक्टर मिळत नाही, पुरुष डॉक्टरासमोर त्या आपले दुखणे सांगत नाहीत आणि त्यामुळे प्राणास मुकतात, हे त्या मुलीने स्वतःच्या आयुष्यात पाहिले. पुढे वैद्यक शिकण्याचा तिने जो ध्यास घेतला, त्याचे मूळ येथे आहे.

ही कथा या परिसरातील प्रत्येकाला ठाऊक आहे. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ साली आली, २०१९ साली त्याच नावाचा चित्रपटही आला. तथापि या कथेतील एका व्यक्तीकडे सहसा लक्ष जात नाही. ती व्यक्ती म्हणजे पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयाच्या अधिष्ठाता डॉ. रेचेल बॉडली.

हे महाविद्यालय १८५० साली फिलाडेल्फियात स्थापन झाले. तेथील विद्यार्थिनींचा मार्ग सुखाचा नव्हता. १८६९ साली त्या शहरातील एका रुग्णालयात अध्ययनासाठी गेल्या असता पुरुष विद्यार्थ्यांनी त्यांची जाहीर हेटाळणी केली होती. स्वतः अपमान सोसलेल्या संस्थेपुढे नेहमीच दोन वाटा असतात. आपल्याला मिळालेली जागा घट्ट धरून ठेवावी, ही पहिली. आपल्यामागे आणखी कोण उभे आहे ते पाहावे, ही दुसरी. या महाविद्यालयाने दुसरी वाट धरली. रिबेका कोल ही कृष्णवर्णीय विद्यार्थिनी १८६७ साली तेथून पदवीधर झाली. पुढे १८८९ साली सुझन ला फ्लेश ही मूळनिवासी ओमाहा जमातीची कन्याही तेथूनच डॉक्टर झाली.

बॉडली या मूळच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापक. १८७४ पासून १८८८ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या अधिष्ठाता होत्या. ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कला उतरल्या. न्यू जर्सीतील रोझेल येथील श्रीमती कार्पेंटर यांनी त्यांना घरच्या मुलीसारखे सांभाळले. त्याच महिन्यात त्यांनी महाविद्यालयाकडे प्रवेशासाठी जे पत्र पाठवले, त्यात काहीही लपवले नव्हते. नियमाप्रमाणे लागणारी शालेय तयारी आपल्याजवळ पूर्ण नाही, हे त्यांनी मान्य केले. स्वकीयांचा आणि ज्ञातीचा विरोध पत्करून ज्या निश्चयाने आपण येथवर आलो, तो निश्चयही काही मोजला जावा, अशा अर्थाची विनंती त्यांनी केली.

येथे अधिष्ठातेच्या नेतृत्वाची कसोटी होती. नियम दाखवून अर्ज परत पाठवणे सोपे होते आणि कोणी त्यांना दोषही दिला नसता. महाविद्यालयाने तसे केले नाही. आनंदीबाईंना प्रवेश मिळाला आणि शिष्यवृत्तीही मिळाली. गुणवत्तेची अट शिथिल झाली असा याचा अर्थ नव्हे. परीक्षा इतरांप्रमाणेच झाल्या, प्रबंध इतरांप्रमाणेच लिहावा लागला. प्राचीन भारतातील प्रसूतिशास्त्र हा विषय त्यांनी प्रबंधासाठी निवडला. आपल्या देशाचे ज्ञान सोबत घेऊन आलेल्या विद्यार्थिनीला ते बाहेर ठेवून आत यावे लागले नाही, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

१८८५ साली अधिष्ठातांच्या स्वागत-समारंभाच्या वेळी घेतलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत : भारताच्या आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या सबात इस्लामबुली. साडी, किमोनो आणि अरबी पेहराव. १८८५ साल! आपल्याकडे अनेक शाळांतून मुलींचे नाव नोंदवणेदेखील दुरापास्त होते, तेव्हाचे हे चित्र आहे. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली. त्या समारंभासाठी पंडिता रमाबाई मुद्दाम अमेरिकेत गेल्या आणि पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या रमाबाईंच्या इंग्रजी ग्रंथाला डॉ. बॉडलींनी प्रस्तावना लिहिली.

उघडलेल्या दाराची अपूर्णता

या उज्ज्वल चित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे, कारण खरा धडा तेथेच आहे. धर्मांतर न करता, हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे आनंदीबाईंनी निघण्यापूर्वी सेरामपूरच्या जाहीर सभेत सांगितले होते. तो शब्द त्यांनी पाळला. साडी नेसण्याची रीत तेथील थंडीसाठी थोडी बदलली, पण साडी सोडली नाही. शाकाहार तर अजिबात सोडला नाही. येथे बसलेल्या कोणालाही याचे मोल वेगळे सांगावयास नको. आज अमेरिकेत शिकणारे आपले मूल दूरध्वनीवर काय खाल्ले ते सांगते, तेव्हा आईचा जीव भांड्यात पडतो. परंतु १८८३ साली फिलाडेल्फियात शाकाहारी भोजनाची सोय कोठून असणार? कडाक्याची थंडी, अपुरे आणि अनियमित अन्न, अभ्यासाचा ताण आणि आधीच नाजूक असलेली प्रकृती. पदवी हाती आली तेव्हा शरीर खचले होते.

कोल्हापूर संस्थानाने त्यांना आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाची जबाबदारी देऊ केली होती. १८८६ च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या. पण त्या विभागात त्यांना काम करता आले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्यांच्या अस्थी श्रीमती कार्पेंटर यांच्याकडे पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथे त्यांचे स्मारक झाले.

यात त्या महाविद्यालयाला दोष देण्याचा हेतू नाही. क्षयाचा जंतू कॉखने १८८२ साली नुकताच शोधला होता. त्यावर खात्रीचे औषध यायला अजून साठ वर्षे अवकाश होता. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते. संस्थेने दार उघडले, मनापासून उघडले. परंतु आत आलेल्या पाहुणीला मानवेल असे घर करणे तिला जमले नाही, किंबहुना त्या काळी ते कोणाला सुचणेही कठीण होते. सर्व जुळवून घेणे एकट्या विद्यार्थिनीवर पडले आणि त्याची किंमत तिच्या प्रकृतीने चुकवली. म्हणून सर्वसमावेशकतेची पहिली पायरी प्रवेश ही असली, तरी ती शेवटची पायरी नव्हे.

स्वयंपाकघरातून आलेली समता

ही दुसरी पायरी महाराष्ट्रात ज्यांनी सर्वांत आधी ओळखली, त्यांत जैन कुटुंबात जन्मलेले एक नाव अग्रभागी आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे झाला; आनंदीबाई गेल्या त्याच वर्षी. त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह काढले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला राजर्षी शाहू महाराजांचे नाव देण्यात आले.

त्या वसतिगृहाचे मर्म त्याच्या एकत्र स्वयंपाकघरात होते. निरनिराळ्या जातींची मुले तेथे एका पंक्तीत जेवत आणि आपली कामे आपणच करीत. शाळेत नाव घालणे एक वेळ सोपे असते. जेवायचे कोठे, झोपायचे कोठे आणि कोणाशेजारी, हे प्रश्न सुटल्यावाचून गरीब मूल शाळेत टिकत नाही, हे भाऊरावांनी जाणले. मुलांच्या पोटापाण्यासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी आपले दागिने मोडले, ही हकिगत महाराष्ट्राला विदित आहे. भाऊरावांना हे काम करण्यासाठी कोणी पद दिले नव्हते. ते काम रोजच्या पंक्तीत उभे होते, म्हणून आजही उभे आहे.

जामखेड : शाळाच गावात नेली

आता तिसरे उदाहरण. ते तर थेट सार्वजनिक आरोग्याचे आहे. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले. पुढे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्य महाविद्यालयात त्यांनी प्रा. कार्ल टेलर यांच्यापाशी शिक्षण घेतले. प्रा. टेलर यांचा जन्म भारतातच झालेला. खेड्यातील आरोग्यसेवा हा त्यांच्या आयुष्याचा विषय होता. आरोळे दांपत्याला अमेरिकेत राहणे अवघड नव्हते. ते १९७० साली परतले आणि अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड या दुष्काळी तालुक्यात त्यांनी काम सुरू केले.

त्या वेळी तेथे जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी सुमारे १७६ पहिला वाढदिवस पाहत नसत. आरंभी शिकलेल्या परिचारिका खेड्यात पाठवून पाहिल्या. पण त्या गावात राहावयास तयार नसत आणि गावकरीही त्यांना आपले मानत नसत. तेव्हा गावातीलच एखाद्या बाईला शिकवावे असा विचार पुढे आला. गावोगावी ज्या स्त्रिया निवडल्या गेल्या, त्यांतील बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. कित्येक दलित समाजातील होत्या, कोणी विधवा, कोणी टाकलेल्या. शहाण्या लोकांना हा वेडेपणा वाटला असल्यास नवल नाही.

येथे आनंदीबाईंच्या वेळच्या अपूर्णतेचे उत्तर दिसते. आरोळेंनी विद्यार्थिनीला संस्थेशी जुळवून घ्यावयास लावले नाही. संस्थाच विद्यार्थिनीच्या मापाने बेतली. वर्ग आठवड्यातून दोन दिवस, म्हणजे घरसंसार आणि शेतमजुरी सांभाळून येता येईल असे. पुस्तकाऐवजी चित्रे, गाणी, नाट्य आणि प्रत्यक्ष रुग्ण. डॉक्टर आणि शिकणाऱ्या बायका एकत्र जमिनीवर बसत. रात्री मुक्काम असे. वेगवेगळ्या जातींच्या स्त्रिया एकत्र जेवत, एकाच मोठ्या पांघरुणाखाली झोपत. पहिल्या दिवशी संकोच होता, तो हळूहळू गेला. पांघरूण लहान असो वा मोठे, थंडी तर सर्वांनाच सारखी वाजते!

१९७२ च्या दुष्काळातील एक प्रसंग फार बोलका आहे. पाण्यासाठी विंधनविहिरी घ्यावयाच्या होत्या. विहीर सवर्ण वस्तीत पडली, तर दलितांना पाणी मिळणार नाही, हे उघड होते. त्यावर भाषणे देण्याऐवजी आरोळेंनी विहिरी दलित वस्तीतच घेतल्या जातील अशी व्यवस्था केली. पाण्यासाठी सर्व गाव तेथे येऊ लागले. पाणी पिताना विटाळ आठवेना. व्यवस्थेतील एका लहान निर्णयाने जे साधले, ते शंभर ठरावांनी साधले नसते.

या आरोग्यसेविका गरोदर स्त्रियांची काळजी घेऊ लागल्या, सुरक्षित बाळंतपण करू लागल्या, जुलाब लागलेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी देऊ लागल्या, कुष्ठरोगी आणि क्षयरोगी शोधू लागल्या. १९९० च्या दशकापर्यंत तेथील बालमृत्यूचे प्रमाण हजारी पंचवीसच्या आसपास आले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या लोकसहभागी आरोग्यसेवेच्या ग्रंथात जामखेडचा समावेश केला. १९७८ च्या आल्मा आटा येथील जाहीरनाम्यातही हाच प्राथमिक आरोग्यसेवेचा विचार होता. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार आणि १९९० साली पद्मभूषण मिळाले. डॉ. मेबल १९९९ साली व डॉ. रजनीकांत २०११ साली निवर्तले. काम पुढच्या पिढीने चालू ठेवले आहे.

१९८८ साली वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत जामखेडच्या एक आरोग्यसेविका, मुक्ताबाई पोळ, बोलावयास उभ्या राहिल्या. सभागृहातील भव्य झुंबराकडे बोट दाखवून त्यांनी सांगितले, की मोठे डॉक्टर या झुंबरासारखे : सुंदर, पण महाग आणि उंचावर. मग सोबत आणलेली साधी पणती लावून त्यांनी तिच्यावरून दुसरी पेटवून दाखवली. पणती आपला उजेड दुसरीला देऊ शकते, ही गोष्ट झुंबराला साधत नाही, असा त्याचा आशय होता. सारे सभागृह उभे राहिले.

पुढे जामखेडला शिक्षणसंस्थेचेच रूप आले. देशोदेशीचे डॉक्टर आणि सार्वजनिक आरोग्याचे विद्यार्थी तेथे शिकावयास येतात, आणि त्यांच्या शिक्षकांत या आरोग्यसेविका असतात. ज्यांना एके काळी शाळेच्या पायरीवर उभे केले जात नव्हते, त्या गुरूच्या आसनावर बसल्या. प्रवेश, सोय आणि अधिकार या तीन पायऱ्यांपैकी ही तिसरी, आणि सर्वांत कठीण. मदत देणे बहुतेकांना जमते. आपल्या शेजारी खुर्ची देणे थोड्यांनाच जमते.

आपल्या परिसरात

हे सारे दूरच्या दुष्काळी भागापुरते आहे असे मानण्याचे कारण नाही. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात असलेल्या आणि २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेलेल्या डहाणू तालुक्यात, कासा येथे, १९७० च्या दशकात गावातीलच अर्धवेळ कार्यकर्त्यांमार्फत बालकांचे वजन घेण्याचा व पोषणाचा प्रयोग झाला होता. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ‘आशा’ कार्यकर्त्या आल्या आणि २०१३ पासून ते काम शहरांतील वस्त्यांतही आले. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने या आशांचा गौरव केला. आज ठाण्याच्या, कल्याणच्या, डोंबिवलीच्या वस्त्यांत दारोदार फिरणारी आशाताई ही मुक्ताबाईंचीच वारस आहे.

ठाणे महानगरपालिकेचे कळव्याचे रुग्णालय आणि तेथील १९९२ पासूनचे वैद्यकीय महाविद्यालय, कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय, डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय, ही सार्वजनिक व्यवस्था आपल्या दाराशी आहे. धर्मादाय संस्थांची औषधपेढी, रुग्णोपयोगी साहित्य आणि शिष्यवृत्ती तिला पूरक ठरतात. ही पूरकता डोळस व्हावी, यासाठी सुवर्णमहोत्सवी वर्षात कोणत्याही विश्वस्त मंडळाने स्वतःला पाच प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न वेळेचा : शिबिराची वेळ डॉक्टरांच्या सोयीने ठरते की रुग्णाच्या? दुसरा भाषेचा : फलक, अर्ज आणि सूचना गुजराती किंवा मारवाडीत असतील, तर भिवंडीचा तेलुगू बोलणारा विणकर आणि शहापूरचा कातकरी त्यातून काय समजणार? तिसरा कागदांचा : गरजूने गरीब असल्याचे इतके दाखले जोडावयाचे, की ते मिळवण्यासाठी त्याला चार दिवस कामावर जाता येऊ नये, असे तर होत नाही? चौथा टिकण्याचा : शिष्यवृत्ती दिली, पण त्या विद्यार्थिनीला राहण्याजेवण्याची सोय आणि धीर देणारे कोणी आहे का? पाचवा अधिकाराचा : ज्यांच्यासाठी काम चालते, त्यांच्यातील एकजण तरी निर्णयाच्या बैठकीत बसतो का? आणि त्या बैठकीत स्त्रिया किती?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो प्रामाणिक आहे. संस्था समाजाच्या पैशावर उभी राहिली. तिने आधी समाजाकडे पाहू नये काय? अवश्य पाहावे. परंतु समाजातही दाराबाहेर राहिलेले आहेत, हे विसरू नये. चाळीतील एका खोलीत आजारी पतीला सांभाळणारी, पण ओळखीच्या लोकांसमोर रांगेत उभे राहण्यास लाजणारी साधर्मिक भगिनी. घरातील अपंग मूल कोणाला दिसू नये म्हणून समारंभाला न येणारे कुटुंब. मानसिक आजाराचे नाव काढताच मुलीचे लग्न मोडेल या भीतीने गप्प बसणारे पालक. यांच्यासाठी दार उघडे आहे एवढे म्हणून भागत नाही. त्यांच्यापर्यंत गुप्तपणे, सन्मानाने कोणीतरी जावे लागते. आणि जी संस्था घरातील अशा माणसाला ओळखावयास शिकते, तिला शेजारच्या वस्तीतील माणूसही दिसू लागतो. या दोन दृष्टी वेगळ्या नसतात. औषधदानात घेणाऱ्याची जात विचारण्याची प्रथा परंपरेने सांगितलेली नाही. रुग्णसेवेला, वैयावृत्त्याला, तर तपात स्थान दिले आहे. आणि तप म्हटले की स्वतःची सोय थोडी बाजूला ठेवणे आलेच.

उपसंहार

डॉ. बॉडली, कर्मवीर भाऊराव आणि आरोळे दांपत्य यांचा देश, धर्म आणि काळ निरनिराळा. परंतु तिघांच्या कामात एक सूत्र दिसते. बॉडलींनी एक अर्ज नियमावर बोट ठेवून परत केला नाही. भाऊरावांनी पंक्ती एक केली. आरोळेंनी विहिरीची जागा आणि वर्गाचे दिवस ठरवताना सर्वांत मागच्या माणसाचा विचार केला. यापैकी एकही गोष्ट अशक्य कोटीतील नव्हती. प्रत्येक संस्थेत दर महिन्याच्या बैठकीत असे निर्णय होतच असतात : वेळ, जागा, अट, अर्ज, निवड. सर्वसमावेशकता त्याच निर्णयांत राहते. पद आज असेल, उद्या नसेल. पण रुजलेली रीत सहजासहजी पुसली जात नाही.

कल्याणच्या एका मुलीसाठी सातासमुद्रापलीकडील एका अधिष्ठातेने दार उघडले, त्यास आता एकशे चाळीसहून अधिक वर्षे झाली. ती मुलगी आपल्या माणसांची सेवा करावयास परतली, पण तिला ती करता आली नाही. तिचे ते राहिलेले काम याच परिसरातील वस्त्यांत, चाळींत आणि पाड्यांवर आहे. सुवर्णमहोत्सवानंतरच्या वर्षांत या परिसरातील संस्थांनी त्यातील थोडे जरी पूर्ण केले, तरी पुढील अहवालात आलेल्यांबरोबरच न आलेल्यांचाही विचार झालेला दिसेल.

सर्वांचे आरोग्य निरामय राहो, ही शुभकामना.

जय जिनेंद्र.